इंडियमचं घर

१३ सप्टेंबर १८६९

प्रयोगवहीत राग लिहिता येत नाही. तिथं तारीख, तापमान आणि वजन लिहायचं असतं. म्हणून ही वेगळी वही.

आज पावाच्या दुकानातल्या क्लुगेबाईंनी मला विचारलं, "हेर डॉक्टर लिंडनरांना आलुबुखारचा केक आवडतो का हो? तुम्ही त्यांच्याबरोबर काम करता ना, म्हणून विचारते." त्यांच्याबरोबर! मी या खाण-अकादमीच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं आहे. आर्नो लिंडनर ईस्टरला आला. मी एक्केचाळीस वर्षांचा, तो सत्तावीसचा. पण लाइपझिगहून येताना तो डॉक्टर ही पदवी घेऊन आला आणि मी अजून असिस्टंट. आमच्याकडे नवऱ्याचा हुद्दा बायकोलाही चिकटतो. त्यामुळे ओटीली बाजारात 'फ्राउ असिस्टंट' म्हणून ओळखली जाते. नऊ वर्षांत ती एकदाही कुरकुरली नाही. मला मात्र तो शब्द ऐकला की दात आंबतात.

आमचे प्रमुख ओहमे नवीन वर्षी निवृत्त होणार. त्यांना बेर्गराट हा खाणखात्यातला मानाचा किताब आहे आणि सगळे त्यांना त्याच नावानं हाक मारतात. त्यांची जागा मला मिळणार किंवा लिंडनरला. तिसरा कुणी नाहीच.

केक आवडत नाही असं सांगून आलो. खरं काय ते मला माहीत नाही.

१९ सप्टेंबर

रविवार. दिवसभर 'तिघांची कुटुंबं' घेऊन बसलो. बेर्गराट या कामाला माझं व्यसन म्हणतात, पण प्रेमानं.

मूलद्रव्यं आता त्रेसष्ट झाली. दर दोन वर्षांनी कुणीतरी नवीन काढतो आणि पसारा वाढतो. त्यात शिस्त आणायची तर माझ्या मते तीन-तीनची घरं करावीत. अणूंची वजनं बघा: लिथियम सात, पोटॅशियम एकोणचाळीस. बेरीज शेहेचाळीस, अर्धे केले की तेवीस, म्हणजे सोडियम. तिघांचा स्वभावही एकच, पाण्यात टाकलं की थयथयाट. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांचंही तसंच. इतकी सुंदर गोष्ट चुकीची कशी असेल?

अडचण उरलेल्यांची आहे. प्रत्येक मूलद्रव्याचं मी एक कार्ड केलंय. ज्यांना घर मिळालं नाही त्यांची कार्डं सिगारच्या डब्यात ठेवतो. ओटीलीनं आज झाकण उघडून मोजली.

"अठरा," ती म्हणाली. "अरे, गावातल्या निम्म्या लोकांना घराबाहेर काढून तू गावाचा नकाशा करतोयस."

"निम्मे नाहीत. तिसरा हिस्सासुद्धा नाही."

"आणि हा फ्लोरीन? क्लोरीनसारखाच आहे असं तूच म्हणाला होतास."

"त्याला घेतलं तर चौघं होतात."

"मग होऊ देत की चौघं! तिघांचाच हट्ट कशाला?" एवढं बोलून ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आम्ही दोघंच आहोत. दोनदा आशा लागली आणि दोनदा गेली. ते मी इथंही लिहिणार नाही.

एक गोष्ट मात्र माझी आहे आणि ती कुणी हिरावून घेऊ शकत नाही. इंडियम. आमच्याच डोंगरातल्या जस्ताच्या खनिजात तो धातू सापडला. शोधला दुसऱ्यांनी, पण त्याचं वजन नेमकं ठरवलं मी. पंचाहत्तर पूर्णांक सहा. दोन पाठ्यपुस्तकांत माझ्या नावासकट छापलंय. जस्त पासष्ट, स्ट्रॉन्शियम सत्त्याऐंशी, मधोमध शहात्तर. म्हणजे इंडियमला घरही मिळालं. जस्ताचा आणि स्ट्रॉन्शियमचा स्वभाव एकमेकांशी अजिबात जुळत नाही हे खरं. पण हिशेब जुळतोय, स्वभावाचं पुढं पाहता येईल.

२ ऑक्टोबर

आज लिंडनरनं मला त्याच्या टेबलाजवळ बोलावलं. "हेर उलिग, जरा बघता का? तुमच्याशिवाय कुणाला दाखवावं कळेना." गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा नाही.

टेबलभर कार्डं मांडली होती. माझ्यासारखीच कार्डं! ही कल्पना त्यानं माझ्याकडून उचलली, यात शंका नाही. सगळी मूलद्रव्यं वजनाच्या क्रमानं एका ओळीत, आणि स्वभाव पुन्हा सारखा आला की नवीन ओळ. म्हणजे सोडियमखाली पोटॅशियम, क्लोरीनखाली ब्रोमीन. फ्लोरीनसुद्धा क्लोरीनच्या डोक्यावर आरामात बसलेला.

मग मला फटी दिसल्या. चार ठिकाणी त्यानं कोरी कार्डं ठेवली होती.

"कॅडमियम आणि कथील यांच्या मधे हे काय?" मी विचारलं.

"तिथं काहीतरी आहे."

"काय आहे?"

"अजून सापडलं नाही ते," तो म्हणाला, आणि हसलासुद्धा नाही.

मी मात्र पोट धरून हसलो. शास्त्र म्हणजे सापडलेल्याचा हिशेब. न सापडलेल्यासाठी पाट मांडून कोण बसतं? मग माझ्या लक्षात आलं की इंडियम कुठंच दिसत नाही. त्याचं कार्ड बाहेर, दौतीला टेकवून उभं केलं होतं. वर पेन्सिलनं प्रश्नचिन्ह.

"हेर उलिग, रागावू नका. पंचाहत्तरला इथं जागाच नाही. आर्सेनिक आणि सेलेनियम अगदी खांद्याला खांदा लावून बसलेत. तुमचं वजन केलेलं अचूक आहे, मी स्वतः पडताळलं. पण इंडियमचा एक अणू ऑक्सिजनच्या एका अणूशी जुळतो असं तुम्ही धरलंत."

"जस्त तसंच जुळतं. आणि इंडियम जस्ताच्या खनिजातून येतं."

"इथं सगळे हेच म्हणतात," तो म्हणाला. "जस्ताच्या भट्टीतून जे निघेल ते जस्ताचंच भावंड. पण एकाच दारातून बाहेर पडलेले सगळे नातेवाईक नसतात ना? इंडियमच्या दोन अणूंना ऑक्सिजनचे तीन असं जुळत असेल, तर तुमचा आकडा दीडपट होईल."

चौदा वर्षांत माझ्या आकड्याला कुणी बोट लावलं नव्हतं. मी त्याला म्हणालो, "हेर डॉक्टर, तुमच्या तक्त्यात माझा धातू बसत नसेल तर तक्ता फेकून द्या, धातू नाही." आणि दार आपटून बाहेर आलो. दार आपटलं हे बरोबर नाही केलं. काच तडकली.

९ ऑक्टोबर

त्याच्या तक्त्यातल्या चुका एका कागदावर काढल्या. पहिली: टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड, तरी त्यानं टेल्युरियम आधी ठेवलंय, का तर आयोडीन क्लोरीनच्या खाली यायला हवं. म्हणजे वजनाचा नियम याचाच आणि मोडणाराही हाच. दुसरी: लोखंड, कोबाल्ट आणि निकेल एका कोपऱ्यात कोंबलेत. तिसरी: चार भुतं. चौथीसाठी जागा सोडून ठेवली, ती सुचली नाही.

कागद बेर्गराटांना दाखवला. ते खूश झाले. "उलिग, तुम्ही जुन्या चालीचे आहात. मला जुनी चाल आवडते." हिवाळी सभेत, तीन डिसेंबरला, आम्ही दोघांनीही आपापला तक्ता मांडायचा असं ठरलं. त्यानंतर ते वर नाव पाठवणार.

नियतकालिकात पीटर्सबर्गच्या कुणा प्राध्यापकाचं अर्ध्या पानाचं टिपण आलंय, तेही मूलद्रव्यांच्या मांडणीबद्दलच. आता रशियन लोकही यात पडले! पान उलटलं आणि पुढचा खाणीतल्या हवेवरचा लेख वाचला.

२६ ऑक्टोबर

आज जेवण तसंच ठेवून ही वही उघडली.

लिंडनर बोर्नगल्लीत राहतो, वरच्या मजल्यावर. खाली नेस्टलर नावाच्या कातारीचं दुकान. दोघांचं दार एकच. आज भट्टीवरून परतताना त्या दारातून ओटीली बाहेर येताना दिसली. तिनं शाल डोक्यावरून घेतली होती, आणि ती हसत होती. मी पडद्याच्या कापडाच्या दुकानात शिरलो आणि दुकानदारानं विचारलं म्हणून नको असलेलं दीड हात कापड घेतलं.

घरी विचारलं. "कुठं गेली होतीस?"

"नेस्टलरकडे. जरा काम होतं."

"कसलं?"

"लाकडाचं."

"कातारीकडे लाकडाचं नाही तर काय पिठाचं काम असणार?"

"मग विचारतोस कशाला?" ती म्हणाली. आणि पुन्हा हसली! पूर्वी मला तिचं हसणं कधी इतकं खुपलं नव्हतं.

आणखी एक. गेला महिनाभर ती कॉफी पीत नाही. वास नको म्हणते, कप समोर आला की तोंड फिरवते. लिंडनरही कॉफी पीत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. सकाळी न्याहारी तशीच ठेवते आणि दुपारी खारवलेल्या काकड्या अर्धी बरणी संपवते. मनात काही असलं की माणसाची भूक अशीच बिघडते.

८ नोव्हेंबर

ती पुन्हा बोर्नगल्लीत गेली होती. या वेळी मी विचारलं नाही. दोन पोशाख कमरेत उसवून सैल करत बसलीये. नटणं सुरू झालंय तर.

लिंडनरला संपवायचा मार्ग सापडला. कुठल्याही धातूचं अणुवजन घ्या आणि तो किती उष्णता धरतो त्या आकड्यानं गुणा, उत्तर सहाच्या थोडं वर येतं. जस्त, शिसं, चांदी, सगळ्यांचं. इंडियमची उष्णता इथं अजून कुणी मोजली नाही, कारण तेवढा धातूच कुणाकडे नाही. माझ्याकडे आहे. दोन वर्षं भट्टीचा गाळ उकळून मी सळईएवढा जमवलाय. आकडा सहा आला की सभेत सगळ्यांसमोर त्याच्या तोंडावर टाकीन. डॉक्टर लिंडनर, दौतीला टेकवलेलं कार्ड उचला, म्हणेन.

२० नोव्हेंबर

सळई वितळवून साफ केली. विलक्षण मऊ धातू, नखानं ओरखडा उठतो. वाकवला की किंचाळतो, अगदी कथलासारखा. जस्त कधी असा ओरडत नाही. मौज वाटली.

लिंडनर शेजारून जाताना थांबला. "अजून एकदा वाकवा ना," म्हणाला. मी नाही वाकवला.

२७ नोव्हेंबर

सळई वाफेत तापवली, मोजलेल्या पाण्यात सोडली, पारा किती चढला ते बघितलं. असं सहा वेळा. थर्मामीटर बदलला, पाणी बदललं, खिडकी बंद करून पुन्हा. दर वेळी तेच. शून्य पूर्णांक शून्य पाच सात.

पंचाहत्तर पूर्णांक सहानं गुणलं तर सव्वाचारच्या आसपास. सहा नाही. सहाच्या जवळपासही नाही.

मग, फक्त तो किती चुकतो हे पाहायला, मी दीडपट करून गुणलं. एकशे तेरा पूर्णांक चार. उत्तर सहा पूर्णांक चार-पाच.

एकशे तेरा. कॅडमियम एकशे बारा, कथील एकशे अठरा. ज्या फटीवर मी पोट धरून हसलो होतो, तीच ही फट.

कागदाची घडी करून जाकिटाच्या खिशात ठेवली आहे. प्रयोगवहीत अजून उतरवलं नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदाच.

२८ नोव्हेंबर

नाताळच्या आधीच्या चार रविवारांतला पहिला. आज संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत दिवे लागले. घरात जितके मुलगे तितके लाकडी खाणवाले, जितक्या मुली तितके देवदूत, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. समोरच्या वेबरांकडे चार खाणवाले झालेत आणि यंदा एक देवदूत. बिचाऱ्यांना मुलगी झाली एकदाची. आमची खिडकी नेहमीसारखी अंधारी. ओटीली बराच वेळ समोर बघत होती. मी पडदा ओढला तर म्हणाली, "राहू दे ना."

कागद अजून खिशातच आहे. सभेला पाच दिवस. मी बोललो नाही तर कुणाला कळणार? दुसऱ्या कुणाकडे सळई नाही. मी खोटं बोलणार नाही, फक्त गप्प बसणार. यात पाप काय? तरी चर्चमध्ये आज मान वर करवली नाही.

३ डिसेंबर

सभा झाली.

आधी मी. तिघांची कुटुंबं सगळ्यांना पाठ आहेत, त्यांनी माना डोलावल्या. मग लिंडनर. त्यानं मोठ्या फळ्यावर कार्डं टाचली. चांगलं बोलला. हे मला लिहावं लागतंय. फटींपाशी आला तेव्हा बेर्गराटांनी घसा खाकरला.

"तरुण मित्रा, आमच्या चर्चमध्ये एखादा बाक वर्षभर रिकामा राहिला तर आम्ही तो दुसऱ्याला देऊन टाकतो. तुम्ही किती वर्षं वाट बघणार?"

हशा पिकला. मागे कुणीतरी म्हणालं, "बाकावर निदान गादी तरी टाका!" आणखी हशा. मीही हसलो. सगळ्यांच्या आधी हसलो असेन.

लिंडनरचा चेहरा पांढरा पडला. त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं. "एका जागेचा निकाल आजही लागू शकेल. हेर उलिग गेला महिनाभर इंडियमची उष्णता मोजताहेत. त्यांचा आकडा काहीही असो, मी तो मान्य करीन. मापाच्या बाबतीत त्यांच्यासारखा प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कागद बरोबर छातीवर होता. मी म्हणालो, "मोजमाप अजून पूर्ण झालेलं नाही."

झालं. त्यानं मान हलवली आणि कार्डं काढायला लागला. टाचण्या बोटात टोचत असाव्यात, कार्डं खाली पडली. एक माझ्या बुटापाशी आलं, कोरं. मी उचललं आणि का कोण जाणे, खिशात टाकलं. बाहेर बेर्गराटांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सोमवारी तुमचं नाव पाठवतो, उलिग. फ्राउ उलिगना सांगा, नवीन टोपी शिवायला टाका."

जे हवं होतं ते मिळालं. घरी येऊन सांगितलं. ओटीलीनं आधी माझा हात हातात घेतला, मग विचारलं, "आणि तो तुझा उष्णतेचा आकडा? काय आला?" मी म्हणालो, पूर्ण नाही. तिनं हात सोडला नाही, पण नजर माझ्या चेहऱ्यावरच ठेवली. मला ओळखते ती.

४ डिसेंबर

आज खाणवाल्यांच्या संत बार्बारेचा दिवस, भट्टी बंद. सकाळीच नेस्टलर कातारी दारात, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. मी तयारीतच होतो. आता लिंडनरची चिठ्ठी निघते की काय, असं वाटलं.

कापडातून निघाला माझा खाणवाला. माझ्या लहानपणचा, आईच्या खिडकीतला. माळ्यावर एक हात मोडून पडला होता. नेस्टलरनं नवीन हात बसवून रंगवला होता. "उशीर झाला, फ्राउ असिस्टंट," तो म्हणाला, "पण तुमच्या बाकीच्या कामाला घाई नाही म्हणालात म्हणून."

"बाकीचं काम कुठलं?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि निघून गेला.

ओटीलीनं खिडकीचा कट्टा पुसला. एका टोकाला माझा खाणवाला उभा केला, दुसऱ्या टोकाला तिच्या माहेरचा देवदूत. मधे हातभर जागा मोकळी सोडली.

"जवळ जवळ ठेव ना," मी म्हणालो. "एवढी फट वाईट दिसते."

"नाही. ती जागा ठेवायची आहे."

"कशासाठी?"

"खाणवाला की देवदूत ते अजून माहीत नाही," ती म्हणाली. मला तरी कळलं नाही, मग ती म्हणाली, "मे महिन्यात. आधीच्या दोन वेळांसारखं व्हायला नको, म्हणून सांगत नव्हते. पण चौथा महिना लागला रे. डॉक्टर म्हणतो, या वेळी सगळं ठीक आहे. नेस्टलरनं दोन्हींसाठी लाकूड काढून ठेवलंय. जे लागेल ते तो करील."

मला काय झालं ते लिहिता येत नाही. मी तिला धरलं आणि रडलो, एवढं लिहितो. मग कॉफी, काकड्या, कमरेत सैल केलेले पोशाख, सगळं एकदम आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मी तिला सांगितलं नाही. कधीच सांगणार नाही.

ती आत गेल्यावर मी त्या मधल्या जागेकडे किती वेळ बघत उभा होतो, कुणास ठाऊक. मग कोट घातला.

बोर्नगल्लीत, वरच्या मजल्यावर, लिंडनर गाव सोडायला पेटी भरत होता. मला पाहून उभा राहिला. मी कागद आणि ते कोरं कार्ड त्याच्या टेबलावर ठेवलं.

त्यानं आकडा वाचला. पुन्हा वाचला. "हे कधीचं?"

"गेल्या शनिवारचं."

"म्हणजे काल..."

"हो. काल खिशात होतं."

तो मला शिव्या देईल म्हणून मी तयार होतो. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो हळूच म्हणाला, "सहा वेळा मोजलंत? सगळे आकडे एकसारखे?" आणि त्याचे डोळे असे चमकले की मला पुन्हा त्याचा राग आला. माझ्या घोर अपराधाशी या माणसाला काही घेणंदेणंच नव्हतं!

"लिहा," मी कोरं कार्ड पुढं केलं. त्यानं घाईघाईनं टाक दौतीत इतका खोल बुडवला की शाईचा डाग पडला. शेवटी मीच लिहिलं. इंडियम, एकशे तेरा पूर्णांक चार. अक्षर माझं त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे.

तसाच त्याला घेऊन बेर्गराटांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "टोपी शिवायला टाकली नाही ना अजून?"

१२ डिसेंबर

नाव लिंडनरचं गेलं. मला आनंद झाला असं लिहिणार नाही, झालेला नाही. क्लुगेबाईंनी आज त्याला आलुबुखारचा केक फुकट दिला आणि त्यानं तो आवडीनं खाल्ला. ओटीली फ्राउ असिस्टंटच राहिली. सिगारच्या डब्यातली अठरा कार्डं तिनं माझ्या हातात ठेवली आणि डब्यात लोकर भरली.

चर्चमधून येताना लिंडनर आमच्या खिडकीपाशी थांबला. मेणबत्त्या दोनच, मधे जागा.

"हेर उलिग, मधे काय आहे?"

"अजून सापडलं नाही ते," मी म्हणालो. "वजनही सांगता येणार नाही."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्यानं टोपी काढली, माझा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला, आणि मला वाटतं त्याचे डोळे पाणावले. माणूस वाईट नाही. पण घराकडे वळताना मी एक हिशेब केला आणि दिवसभर तो मनातून जात नाही. त्याच्या तक्त्यात अजून तीन जागा रिकाम्या आहेत, माझ्याकडे एकच. माझी मे महिन्यात भरेल. त्याला किती वर्षं थांबावं लागेल, देव जाणे.